चालत्या इंजिनात तेल बघताना

अण्णा, क्लच नसलेली बस तुम्ही कधी उघडली नाहीत. शहरात झिजलेली अशीच एक बस पुणतांब्याच्या ड्रायव्हरमामांनी घेतली आणि आपल्या बेलापूरच्या गॅरेजात आणली. हिचे गिअर आपले आपणच पडतात. शाळेच्या पोरींची सहल भंडारदऱ्याला न्यायची, त्याआधी गिअरचं तेल तेवढं बघून द्या, म्हणाले. मी तुमच्या शिस्तीनं बघितलं. गाडी सपाटीला, इंजिन बंद, चहा होईपर्यंत निवू दिलं आणि मग तेल मोजायची पट्टी ओढली. लाल, पातळ तेल खुणेच्या बरंच वर होतं. जास्त तेल म्हणजे फेस, हे तुमचंच. खुणेपर्यंत उतरवलं आणि हात पुसले. अण्णा असते तर खूश झाले असते, असंही मनात येऊन गेलं. झाला नसतात म्हणा, नुसतं 'हं' केलं असतंत.

परवा मामा आले ते हादरलेलेच. "ताई, घाटात वढंनाच की ती! पाय दाबला की नुसती बोंबलती. जरा मागं बी घसरली. पोरी किंचाळाय लागल्या. ब्रेक लागला म्हून वाचलो. तुमच्याकडं यायच्या आदी असं नव्हतं." अशा बसवर काम केलेल्या पुण्याच्या एका मेकॅनिकला फोन लावला, तर तो आधी हसलाच. "बंद इंजिनात बघितलंत? अहो, इंजिन थांबलं की आतलं तेल खाली उतरतं, पट्टी जास्तच दाखवणार. इंजिन चालू, तेल गरम, गाडी न्यूट्रलला, तेव्हा बघायचं." म्हणजे जास्तीचं म्हणून मी जे काढलं, ते तिला लागणारंच तेल होतं. तुमचं ऐकलं आणि घाटात पोरींचा जीव टांगणीला लावला. मला तुमचा राग आला, अण्णा. मग रागाचाच राग आला, कारण तुमच्या ट्रकांना तुमचा नियम बरोबरच होता.

आणि तो नियम नेमका कशाचा होता, हेही आता कळेनासं झालंय. दहावीत होते, ट्रकच्या चालत्या इंजिनावर वाकले होते, वेणी पुढं लोंबत होती. तुम्ही दंडाला धरून मला असं खेचलंत की मी पान्यांच्या ढिगावर जाऊन पडले. "चालत्या इंजिनात हात घालती व्हय? आदी बंद कर, मग बघ. न्हाईतर घरी बस!" ओरडलात, आणि मग किती तरी वेळ तुमच्या हातातली विडी पेटेना. मी ते तेल बघण्याचं शास्त्र समजले आणि जन्मभर पाळलं. ते तेलासाठी होतं का हो, की माझ्यासाठी?

त्या फोननंतर मामा इंजिन चालू करतात. तेल गरम होतं, बस थरथरते आहे, आणि माझा हात काही केल्या पट्टीकडे जात नाही. एवढी मोठी बाई मी, गॅरेजची मालकीण, दोनदा हात मागे घेते. मामा वरून विचारतात, "काय झालं, ताई?" काही नाही म्हणते आणि पट्टी ओढते. टोकाला जेमतेम ओल. थोडं थोडं तेल ओतत, बघत, खुणेला आणलं. मग मामांशेजारी बसून पुलाचा चढ दोनदा चढून आलो. बस मुकाट ओढत होती. तरी त्या पोरींचं काय करू, ते मला सुचत नाही.

हे पत्र कुठं टाकणार? तुमच्याकडं टपाल जात नाही. पण एक राहिलंच. निघताना मामांनी विचारलं, "बंद इंजिनात बघायचं हे कुनी शिकवलं तुमाला?" मी म्हणाले, कुणी नाही, माझं मीच. तुमच्या नावाला बोल लागू नये म्हणून म्हणाले, की आता तुमचं नाव सांगायची लाज वाटली म्हणून, ते मला खरंच माहीत नाही.