खूण वरच्या बाजूला

१४ ऑक्टोबर, दुपार

प्रिय गोगे,

तुझी तीन पत्रं आली, मी एकाचंही उत्तर दिलं नाही. 'कामात होते' असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं. कामात नव्हते. माफ कर. तुझा खोकला गेला का? इथे सगळं ठीक. ग्रंथालयातला पंखा अजून कुरकुरतो, माझी पाठही.

तिसऱ्या पत्रात तू विचारलंस, "ताई, माझं गणित कुठे चुकलं?" सहा वर्षं झाली. सर्वेक्षणाचं काम सुटून तू दुकानात रंगाचे डबे विकतेस, तरी तेच विचारतेस. आणि आता पाण्याच्या टाकीमागची उरलेली झाडीही तोडणार म्हणून तू हरकत घेतलीस, तर कचेरीतले साहेब म्हणाले, "बाई, तुमच्या तीन हजार गोगलगायींच्या वर्षभरात साठ झाल्या. तुमचं काय ऐकायचं?"

तुझं गणित बरोबर होतं.

आठवतं ना? दोनशे पकडून खूण करायची, सोडायच्या, आठवड्याने पुन्हा पकडायच्या. त्यात खुणेच्या जितक्या कमी, तितकी एकूण संख्या मोठी. नेलपॉलिश माझं, तू ज्याला 'बँडवाल्यांचा लाल' म्हणायचीस ते. तू बजावलं होतंस, "खूण खाली, कवचाच्या पोटाशी. वरून दिसता कामा नये." मी म्हटलं, "हो गं, मास्तरीणबाई."

पहिल्या चाळीस मी नीट केल्या. पण गोगलगाय पालथी धरली की ती आत जाते, फेस येतो, रंग धरत नाही. माझी पाठ भरून आली. पुढच्या सगळ्यांना मी वरच ठिपका दिला. तुला शोधायला सोपं जाईल, असं मनाशी म्हटलं. खरं तर आधी कंटाळा आला, हे कारण नंतर सुचलं.

आठवड्याने तू पलीकडे मोजत होतीस. मला एका सपाट दगडापाशी फुटलेली कवचं दिसली. पक्षी तिथे आपटून खात होता. सदतीस मोजली, पुढे मोजवेना. जवळजवळ प्रत्येकावर लाल ठिपका. पाचोळ्याच्या रंगात लपलेल्यांना त्याने सोडलं होतं. ज्यांना मी उघडं पाडलं, त्यांनाच वेचलं होतं.

तेवढ्यात तू ओरडलीस, "ताई, दीडशेत फक्त दहा खुणेच्या! म्हणजे तीन हजार! झाडी नुसती भरलीय!"

मी पायाने पाला ओढून कवचं झाकली.

का? तू पहिल्यांदाच मला तुझ्या कामात घेतलं होतंस. 'तुला एक काम सांगितलं' हे तुझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं. पुढे तुझ्या अहवालावर, 'एवढ्या आहेत तर निम्म्यात भागेल' म्हणत अर्धी झाडी तोडली, तेव्हाही मी गप्प होते. वर्षाने साठच सापडल्या आणि तुला खोटारडी म्हणाले, तेव्हा तू माझ्याच खांद्यावर रडलीस आणि मी म्हटलं, "होतं असं कधी कधी." ते वाक्य मला सगळ्यात जास्त टोचतं.

लहानपणी हळू चालायचीस म्हणून आई तुला गोगलगाय म्हणायची. पोटात पाय मात्र माझे होते.

हे तुझ्यासाठी लिहितेय की माझं ओझं उतरावं म्हणून? दोनदा विचार केला, ठरवता आलं नाही. पण परवा हरकतींचा निकाल आहे, आणि मोजणीच्या त्या दिवसाचं माझ्या डायरीत सगळं आहे, सदतीस आकड्यासकट. त्यात इतरही बरंच आहे, जे परक्याने वाचू नये असं मला वाटतं. ते वाचलं तर वाचू देत.

झाडी वाचेल का, माहीत नाही. उरलेल्या साठांचं काय झालं, तेही नाही. पण चूक कुणाची, हे तरी आता कागदावर राहील.

राग धर. उत्तर देऊ नकोस वाटलं तर देऊ नकोस. सहा वर्षं मी तरी कुठे दिलं?

तुझी,
(अजून म्हणू देशील तर) ताई

उद्या: मूळ डायरी घेऊन साहेबांच्या कचेरीत जाणे, पान काढून न देता अख्खी देणे.