रोड टॅक्स भरेपर्यंत

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बातमी आधीच सांगून टाकते, नाहीतर तू पत्र उलटून आधी शेवट वाचशील. मी गाडी घेतली. नवी नाही, आमच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरांची, राखाडी रंगाची. त्यांनी ती इतकी जपलीय की मागच्या सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. काल स्वतः आणून दारात लावून गेले. एकसष्टाव्या वर्षी गाडी शिकले म्हणून वाचनालयातल्या माझ्या जुन्या मैत्रिणी हसतात. शिकवणारे मास्तर म्हणाले, बाई, तुम्ही सिग्नलला पुढच्या गाडीपासून इतक्या लांब थांबता की मध्ये आणखी एक मावते. मी म्हटलं, मावू दे, तिलाही कुठेतरी जायचंय.

गाडी कशासाठी, ते तुला ठाऊक आहे. बसने तुला मळमळतं, आणि ते पंपघर बसथांब्यापासून कितीतरी आत आहे. राहिलेला उजवा डोळा शाबूत आहे तोवर जे पाहायचं ते पाहून घ्या, असं डॉक्टर म्हणाल्याचं तुझ्या लेकीने, बबीने, कळवलं, तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. तू टाइल्सवर रंगवलेलं चित्र पंचेचाळीस वर्षं त्या पंपघराच्या भिंतीवर आहे आणि मी तुला एकदाही तिथे नेलं नाही.

गाडी नावावर झालीय. फक्त रोड टॅक्स भरायचा राहिला. तो भरला की निघालेच.

डोळ्यांत औषध वेळेवर घाल. बबीला पापा. माझ्यावर तुझी माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

---

११ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचायला बबीचं भिंग लागलं, पण वाचलं माझं मीच. तू आणि गाडी! लहानपणी पडायला नको म्हणून सायकल हातात धरून चालत जाणारी तू. बबी म्हणते, मावशीच्या गाडीत बसायचं तर जेवणाचा डबा बरोबर घ्यायला हवा, मुक्कामही पडेल.

चित्राचं काय सांगू? कारखान्यातल्या त्या टेबलावर एका वेळी नऊच टाइल्स मावायच्या. त्या रंगवायच्या, मागे नंबर घालायचा, भट्टीला द्यायच्या, मग पुढच्या नऊ. दोनशे सोळा टाइल्सची नदी मी वितीवितीने पाहिली, अख्खी एकदाही नाही. पेंढ्यात बांधून खोकी गेली तेव्हा आईच्या उशाशी बसले होते. मग लग्न, मग बबी, मग ह्यांचं आजारपण. भिंत कुठे पळून जातेय, असं म्हणत राहिले. भिंत नाही गं पळाली.

आणि ऐक, टॅक्सच्या ऑफिसात तुझ्यातला हरिश्चंद्र बाहेर काढू नकोस. भूगोलाच्या नकाशाला बक्षीस मिळालं तेव्हा तू शाळेच्या भर सभेत उठून मदरना सांगितलंस की नकाशा माझ्या ताईने काढलाय. आयुष्यात मला मिळालेलं एकुलतं एक बक्षीस तू परत करून आलीस. मदरनी पाठ थोपटली ती तुझी. राग नाही हो, गंमत म्हणून लिहिते. पण फॉर्मवर चार लोक लिहितात तेच निमूटपणे लिही आणि ये.

वाट पाहते. आशीर्वाद तर आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

ताई

---

२० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

कसं लिहू ते कळत नाही, म्हणून घडलं तसंच लिहिते.

टॅक्सची खिडकी चौथी. रांग जिन्यापर्यंत. फॉर्म माझा व्यवस्थित भरून झाला होता, फक्त बाराव्या प्रश्नाशी अडले. वाहन सध्या वापरात आहे काय? आता गाडी आल्या दिवसापासून दारात उभी. टॅक्स भरल्याशिवाय रस्त्यावर काढायची नाही म्हणून मी तिला हात लावलेला नाही. माझ्या मागे एक टेम्पोवाले होते, ते म्हणाले, मावशी, हो लिहा आणि सुटा. मी 'नाही' लिहिलं. कारण ते खरं होतं.

खिडकीतल्या बाईंनी न बघताच शिक्का मारला आणि मग बघितलं. 'नाही' लिहिलं की गाडी बंद वाहन म्हणून नोंदली जाते म्हणे, आणि बंद वाहनाचा टॅक्स घेत नाहीत. आता इन्स्पेक्टर घरी येणार, गाडी चालते असा शेरा देणार, मगच टॅक्स. तोवर ती रस्त्यावर आणली तर गुन्हा. मी विचारलं, खोडून 'हो' लिहू का? त्या म्हणाल्या, शिक्का पडल्यावर खाडाखोड चालत नाही. मग जरा हळू आवाजात म्हणाल्या, कशाला लिहिलंत हो?

घरी येईपर्यंत तेच डोक्यात घुमत होतं. तू बजावून सांगितलं होतंस. थोडी कळ काढ ताई, इन्स्पेक्टर आले की लगेच येते.

रागव, पण पत्र पाठव.

धाकटी

---

३ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या असतील, सरळ करून वाच. खिडकीचे गज मला हल्ली मधोमध वाकलेले दिसतात. बबी म्हणते, सरळच आहेत. तिला सांगत नाही, पण तिचा चेहराही आता अंदाजानेच ओळखते.

इन्स्पेक्टर येईल तेव्हा येईल. तू रविवारी उजाडता निघ. रविवारी कोण अडवतंय? अडवलं तर म्हातारी आजारी आहे म्हण, ते काही खोटं नाही. जन्मभर खरं वागलीस, एक रविवार माझ्यासाठी खोटं वाग.

ताई

---

९ मार्च

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी किल्ली घेऊन गाडीत बसले. इंजिन सुरू केलं. कोपऱ्यावर पोलीस नव्हता, कुणीच नव्हतं. तरी ब्रेकवरचा पाय उचलेना. दहा मिनिटं तशीच बसून राहिले आणि बंद करून आत आले. मला नाही जमत गं. हसू नकोस.

ऑफिसात रोज जाते. इन्स्पेक्टर रजेवर आहेत, पंचवीस तारखेला नक्की येतील म्हणाले. सोळा दिवस. पंचेचाळीस वर्षांत सोळा दिवस म्हणजे काय, असं मी मनाला सांगते. तूही सांग.

धाकटी

---

२३ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

फोनवर मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. शुक्रवारी आई स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती. मला म्हणाली, दिवा कशाला बंद केलास? सकाळचे अकरा वाजले होते आणि खिडकी उघडी होती.

डोळ्याच्या आत रक्त उतरलंय. डॉक्टरांनी दोनदा तपासलं. उजेड आणि अंधार कळेल, बाकी काही नाही.

आई रडली नाही. घरी आल्यावर तिने एवढंच विचारलं की धाकटीचा टॅक्स भरून झाला का? मला तुझा राग आला होता, मावशी, लपवत नाही. आईनेच मला गप्प केलं. म्हणाली, ती तशीच आहे, तिला मीच तशी वाढवलीय. तरीही जायचं म्हणते, भिंतीला हात तरी लावून येते.

यापुढे तुझी पत्रं मीच वाचून दाखवणार. तेव्हा माझ्याबद्दल वाकडं काही लिहू नकोस.

तुझी,
बबी

---

२१ एप्रिल

चि. बबीस,
अ. आ.

ताईसाठी वेगळं पत्र लिहिलंय, लांबलचक आणि गमतीचं. ते वाचून दाखव. हे तुझ्यापुरतं.

इन्स्पेक्टर ठरल्या दिवशी आले होते. गाडीभोवती एक फेरी मारली, किल्ली फिरवली, सही केली. दोन मिनिटं लागली. त्याच दिवशी टॅक्स भरला आणि पावती पर्समध्ये टाकली. तेव्हा कुठे डोक्यात आलं की भाड्याची गाडी करूनही जाता आलं असतं. दारात गाडी उभी असताना ते ना मला सुचलं, ना ताईला.

डॉक्टरांनी ताईला प्रवासाची परवानगी दिली, तेव्हा कुठे परवा तू कामावर गेल्यावर आम्ही दोघी निघालो. ताई पुढे बसली होती. वाटेत म्हणाली, तू गाडी छान चालवतेस, मला काहीच दिसत नाही. मी हसले. हसावंच लागलं.

पंपघराच्या पहारेकऱ्याने दार उघडून दिलं. मोटारींचा घरघराट, ओल्या सिमेंटचा वास आणि समोर ती नदी. बबी, तुझ्या आईने काय रंगवलंय म्हणून सांगू! होड्या, घाटावर कपडे आपटणाऱ्या बाया, पाण्यात उलटं पडलेलं आभाळ. मी तिचा हात भिंतीला टेकवला. तिने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवला. टाइल्स गुळगुळीत, हाताला काय लागणार? म्हणाली, झिलई छान बसलीय. मग बोट ठेवून विचारत गेली, इथे नावाडी ना, इथे पूल ना. कुठे काय आहे ते तिला तोंडपाठ होतं.

मग म्हणाली, उजवीकडे खालच्या कोपऱ्यात एक मुलगी आहे, दप्तरवाली, दोन वेण्यांची. ती तू. कारखान्याच्या मालकाने दिलेल्या नमुन्यात नव्हती, मीच घातली. तुला कधी सांगितलं नाही, म्हटलं तूच बघशील. आहे ना?

त्या कोपऱ्यात अकरा टाइल्स कोऱ्या पांढऱ्या आहेत. नवा पाइप टाकताना जुन्या फुटल्या, दहा वर्षं झाली म्हणे. पहारेकरी सांगायला पुढे झाला, मी त्याला हातानेच थांबवलं. म्हटलं, आहे. तिने विचारलं, हसतेय का? म्हटलं, हसतेय.

डोळे असून तिला तो कोपरा दिसला असता, त्यापेक्षा झालं ते बरंच झालं, असं परतीच्या वाटेवर मनाला समजावून पाहिलं. पटत नाही. तिला दिसलं असतं तर कमरेवर हात ठेवून तिने तिथल्या साहेबांना फैलावर घेतलं असतं, आणि अकरा टाइल्स मी पुन्हा रंगवून देते म्हणून घरी येऊन टेबल पुसायला घेतलं असतं. तेवढे डोळे तिला फेब्रुवारीत होते.

आता ती सगळ्यांना सांगत असेल की चित्र अख्खं आहे. तू कधी मुलांना घेऊन तिकडे गेलीस आणि परतल्यावर तिने विचारलं, तर दप्तरवाली आहे म्हण. पटकन म्हण, विचार करत बसू नकोस.

माझ्यावरचा राग सावकाश जाऊ दे, घाई नाही. माया तेवढी राहू दे.

तुझी,
मावशी