चार मात्रा गप्प

लंडन, मंगळवार, ८ मार्च १८८७

प्रिय ॲम्ब्रोज,

तुझा गुडघा कसा आहे? माझं पोट बरं आहे. डॉक्टरनं कालवं खायची बंद केलीत, म्हणून मी रोज कुरकुरतो. दोन वर्षांत तुला ओळ लिहिली नाही, तेव्हा तब्येतीपासून सुरुवात केलेली बरी.

शनिवारी आपली संगीतिका ‘मेणबत्तीवाल्याची मुलगी’ पुन्हा रंगमंचावर येतेय, हे वाचलं असशीलच. काल तालमीत कोरस ऐकताना माझी, या कोळसेवाल्याच्या पोराची, छाती अशी फुगली की कोट तंग झाला. पंधरा वर्षं झाली, पण तुझा एक शब्द शिळा झालेला नाही. न्यायाधीशाच्या गाण्याला आमचे वादकसुद्धा हसतात, आणि त्यांना हसवणं म्हणजे घोड्याला हसवणं.

नायिका नवी आहे, मिस क्राउहर्स्ट. आवाज घंटेसारखा, जीभ सुरीसारखी. न्यायाधीश विचारतो, “तुझं माझ्यावर प्रेम आहे?” मग चार मात्रा सगळं थांबतं, आणि ती म्हणते, “विचारल्याबद्दल आभार.” बाईंनी काल नेमकी तिथंच तान घेतली. मी ताल द्यायची छडी आपटली.

“बाई, इथं गप्प राहायचं!”

“चारही मात्रा?”

“चारही.”

“अख्खं लंडन म्हणतं, गॅरडसाहेबांची सगळ्यात सुंदर रचना म्हणजे ही शांतता. त्यातली एखादी मात्रा मला दिलीत तर बिघडलं कुठं?”

सगळे हसले. नगारेवाला हॉब्ज तेवढा हसला नाही. शेजाऱ्याला पुटपुटला, “साहेबांची कुठली? पेलिंगसाहेबांच्या काठीची.”

माझे कान तुला ठाऊक आहेत. तीस वादकांत कुणाची तार उतरली ते मला कळतं. मग तुझं नाव कसं सुटेल?

पंधरा वर्षांपूर्वी त्या दुपारी ठेका वाजवून दाखवायला हॉब्ज तुझ्या घरी आला होता. मी त्या जागी व्हायोलिनांची मिरवणूकच काढली होती. तू काठी जमिनीवर चारदा आपटलीस. “बार्नबी, इथं तोंड बंद ठेव. लोकांना हसायला जागा दे!” मी तणतणत घरी गेलो आणि अख्खं पान खोडलं. पहिल्या प्रयोगाला त्या जागी लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरले.

पुढं, दोन वर्षांपूर्वी, वर्तमानपत्रवाल्यानं विचारलं, ही शांततेची कल्पना आपलीच ना? मी नुसती मान डोलावली. आपण जाहिरातीतल्या नावांच्या आकारावरून भांडलो, असं मी जगाला सांगत आलो. पण भांडायला आलास तेव्हा तुझ्या खिशात ती मुलाखत छापलेला अंक होता. मी पाहिला होता.

काल हॉब्जला म्हटलं, “मोठ्यानं बोल.”

तो पांढराफटक. “नोकरी जाईल, साहेब.”

“नाही बोललास तर जाईल!”

त्यानं सांगितलं. मग सगळ्या कंपनीसमोर उरलेलं मी सांगितलं.

मिस क्राउहर्स्ट म्हणाली, “अगं बाई! म्हणजे तुमच्या संगीतातली सगळ्यात छान जागा लेखकाची?”

“हो बाई. असा लेखक मिळायलाही नशीब लागतं, आणि ते माझं होतं.” हे सांगताना लाज वाटेल असं वाटलं होतं. वाटला तो अभिमान.

त्याच वर्तमानपत्राला आज सगळं लिहून पाठवलंय. गुरुवारी छापतील. हे पत्र तुला उद्याच मिळेल, म्हणजे आधी माझ्याकडून कळलेलं असेल.

शनिवारी खेळ संपल्यावर लोक रिवाजाप्रमाणे आपल्या दोघांची नावं ओरडून पडद्यापुढं बोलावतील. तू आलास तर हात धरून जाऊ. नाही आलास तरी मी रागावणार नाही, पण जागचा हलणारही नाही. ओरडू देत घसा बसेपर्यंत. मी एकटा पडद्यापुढं जाणार नाही.

बाकीचं संगीत ज्याचं, तो तुझा
बार्नबी गॅरड