जिभेला चिकटतं ते हाड

सोमवार, ३ तारीख
आले बाई एकदाची! संग्रहालयाच्या मागेच धाकटीची खोली आहे. दोन खाटा, एक खिडकी, मजेत राहू. धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण, माझ्याहून सात वर्षांनी लहान, आणि आता कामावर माझ्यापेक्षा वरचढ. लोक पिशव्या भरभरून दगड आणून देतात. प्रत्येकाला वाटतं, आपल्यालाच राक्षसाचा गुडघा सापडला. त्यातून लाखो वर्षांपूर्वीची खरी हाडं निवडायची. धाकटी म्हणाली, ताई, आकारावर भुलू नकोस. तुटलेली कड बघ, आत बारीक भोकं हवीत. शंका आलीच तर जीभ लाव. दगड सुटतो, हाड चिकटतं. मी लावली आणि खरंच चिकटली! दोघी पोट धरधरून हसलो. उरलेले दगड मागच्या अंगणातल्या टाकाऊ ढिगात जातात.

गुरुवार, ६
मी सतरा तुकडे निवडले, सतराच्या सतरा दगड. धाकटी जीभसुद्धा लावत नाही, नुसतं बोट फिरवते आणि सांगते. संग्रहालयाचे प्रमुख, आमचे सर, सगळ्यांसमोर म्हणाले, हिच्या बोटांना डोळे आहेत. वर मला म्हणाले, बहिणीकडून शिका. अंगाचा नुसता तिळपापड झाला. जिचं शेंबडं नाक मी पुसलं, तिच्याकडून शिकू? या महिन्यात सर ठरवणार, मला कायम करायचं की घरी पाठवायचं. परत गेले तर आईला कुठल्या तोंडाने सांगू, धाकटीला जमलं आणि मला नाही?

सोमवार, १०
टाकाऊ ढिगात बोटाचं एक पेर सापडलं. हाडाचं! जिभेला घट्ट चिकटलं. म्हणजे बाईसाहेबांच्या नजरेतून सुटलं तर! कुणाला बोलले नाही. बोलले की श्रेय तिलाच जाणार. आणखी तुकडे जमवून एकदम सरांपुढे ठेवीन. पेटीत कपड्यांखाली दडवलंय.

बुधवार, १२
पेटी उघडली तर पेरं तीन. मी एकच ठेवलं होतं. धाकटीला विचारावंसं वाटलं, पण छे, ती लगेच आपल्या नावावर करेल. तिची करंगळी लुळी पडलीय म्हणे, ब्रश धरवत नाही. नाटकं नुसती.

शनिवार, १५
पेटीत अख्खा पंजा आहे. नाजूक, बाईचा. धाकटीचा उजवा हात रिकाम्या मोज्यासारखा लोंबतोय. डॉक्टर म्हणाले, एक्स-रेत बोटांची हाडंच दिसत नाहीत, यंत्र बिघडलं असेल.
मला कळलं. तिथेच कळलं. पण दुपारी सरांनी तिचं टेबल मला दिलं, म्हणाले, आता सगळी भिस्त तुमच्यावर. इतकं बरं वाटलं! सोमवारी पेटी तिच्या हवाली करीन. दोन दिवसांनी काय बिघडतंय.

सोमवार, १७
पेटी जड झालीय. आत बरगड्या. आज देणारच होते— तेवढ्यात निरोप आला, सर तिला बघायला खोलीवर येतायत. त्यांनी पेटी पाहिली असती तर चोर ठरले असते, नोकरीही गेली असती. पळत जाऊन सगळं टाकाऊ ढिगात ओतलं. तिथे कोण बघतंय.

मंगळवार, १८
धाकटी उठत नाही. बसवली की घडी पडते. डोळे तेवढे माझ्यावर. ताई म्हणायला गेली आणि जबडा—

ढिगापाशी बसलेय. हजारो दगड. सगळे पेरांसारखे, सगळे बरगड्यांसारखे. कड बघावी तर तुटलेली नाही. फोडून बघू? आणि तिचंच असलं तर—

हा चिकटला. तिचा! नाही, हाही चिकटतोय. तोंडाला कोरड पडलीय, सगळंच चिकटतंय—

सर येऊन सांगून गेले, मला कायम केलं. अभिनंदन म्हणाले.

बाळे, मला नाही गं ओळखता येत. तू असतीस तर नुसतं बोट— हे तुझं का? की हे— की