रस्ता कुणी पाहिला?

३ मार्च

"काहींना औषध लागूच पडत नाही!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला नाही, आत आपल्या सहायकाला. मी बाहेर बाकावर होतो. दार लोटलेलं होतं, पण माझे कान! गिऱ्हाईक नुसतं "बघतो" म्हणालं तरी ते परत येणार की नाही, हे मला त्या शब्दाच्या शेपटावरून कळतं. डोक्यावर गाद्या वाहून दुकान उभं केलंय ते या कानांच्या जोरावर. बाईंच्या आवाजात माझी फाइल मिटलेली होती.

म्हणजे मी काय गोट्या खेळत होतो? गोळ्या तीनदा बदलल्या, तक्रार नाही. टेम्पो चालवताना धप् झालं की वाटतं, माणूस चाकाखाली आला. खड्डा आहे हे कळतं, तरी परत फिरून बघायचं. पुन्हा फिरायचं. ते सोडलं. घरी येऊन हिला "मी कुणाला उडवलं नाही ना?" विचारायचं, तेही सोडलं. पेपरातले अपघात वाचणं सोडलं. एवढं पथ्य पाळून आता म्हणे लागू पडत नाही! मी गादीत कापूस कमी भरला तर गिऱ्हाईक दुकान डोक्यावर घेतं. मी कुणाचं दुकान डोक्यावर घेऊ?

७ मार्च

आज सराव. बाई टेम्पोत शेजारी बसल्या आणि मला मुद्दाम खराब रस्त्याने न्यायला लावलं. धप्!

"काय वाटतंय?"

"मेलं कुणीतरी."

"असेल कदाचित. चला पुढे."

हे बोलायची फी घेतात! म्हणे, जीव तळमळू दे. कुणी पाणी ओतायचं नाही, तो आपोआप निवतो.

निवतो की! रोज संध्याकाळी जेवणाच्या आधी निवतो. आणि सकाळी गाडी काढली की पहिल्यापासून सुरू. काल शिकलेलं आज पाटी कोरी. हेच तर कोडं आहे.

११ मार्च

धप्. खड्डा होता. खड्डाच. खड्डाच ना?

१४ मार्च

लिहून ठेवतो.

मोरीत पाय धूत होतो. ही स्वयंपाकघरात फोनवर, आवाज दाबून: "नीट पाहिलंस ना? वळणावर पण? बरं बाबा."

बाहेर आलो. "कोण होतं?"

"कुणी नाही हो, आपला हाच." म्हणजे हिचा धाकटा भाऊ. माझा मेहुणा.

"वळणावर काय पाहिलं त्याने?"

हिच्या हातातला डाव तसाच राहिला. मग सगळं बाहेर पडलं. वर्षभर, उपचार सुरू झाल्यापासून, मेहुणा रोज स्कूटरवरून माझ्या मागून येतो. रस्ता बघतो. कुणी पडलेलं नाही, असं हिला फोनवर कळवतो.

"अहो, तुम्ही विचारायचं सोडलंत, पण तुमचं तोंड विचारायचं! मला बघवेना. आणि मी तुम्हाला कधी काही सांगितलं का?"

नाही सांगितलं! फोन ठेवला की हिचा आवाजच बदलतो. "बसा जेवायला" इतकं मऊ म्हणते की माझा जीव भांड्यात पडतो. मला वाटायचं, घरी आल्याचं सुख आहे. कसलं सुख! ती पावती होती. रस्ता साफ असल्याची.

परक्याने फसवलं तर शिव्या देता येतात. घरच्यांनी मायेने फसवलं की गुमान जेवायला बसावं लागतं. बसलो.

१६ मार्च

हिला घेऊन बाईंकडे गेलो. चांगली झाडतील, या आशेने! तर बाई हिला म्हणतात, "किती दमला असाल हो तुम्ही." ही रडली. मी पंख्याकडे बघत बसलो.

मग माझ्याकडे वळल्या. "काहींना औषध खरंच पुरत नाही. पण तुमचं अजून ठरलेलं नाही. यांच्या आवाजातून रोज उत्तर घरपोच येत होतं. कळलं नाही तरी आपण तगतो, हे मनाने शिकायचं कधी? तुमचे कानच नडले."

"त्या दिवशी आत तुम्ही जे म्हणालात, तेही त्याच कानांनी ऐकलं."

बाई लाल झाल्या. "घाई केली मी. आधी घरच्यांना विचारायला हवं होतं."

मी वर्षभर टेम्पो हाकतोय, आणि आजूबाजूला प्रत्येकाला काहीतरी माहीत आहे. माझ्याखेरीज!

१९ मार्च

रोजचा तो फोन बंद केलाय. मेहुण्याला चार शब्द सुनावले, तो फिरकलेला नाही.

आज शाळेजवळ धप् झालं. शाळेजवळ! घरी आलो. ही "बसा" म्हणाली, पण आवाज कोरडा ठणठणीत. तिलाही काहीच माहीत नाही. घास उतरेना. दोघं टीव्हीसमोर बसून राहिलो. बऱ्याच वेळाने ही म्हणाली, "अहो, लावलेलाच नाही."

हसलो. निवलं नाही, पण हसलो.

२२ मार्च

मेहुणा दुकानात आला. कोपऱ्यातल्या कापसाच्या गठ्ठ्यावर टेकला. "भावोजी, मारायचं तर मारा, पण ऐका. पहिला आठवडाभर गेलो तुमच्या मागे. मग कंटाळा आला. नंतर घरी बसूनच ताईला फोन करायचो, सगळं ठीक म्हणून. तिला सांगू नका हं!"

म्हणजे तो एक आठवडा सोडला तर वर्षभर रस्ता कुणीच पाहिलेला नाही. त्या सगळ्या संध्याकाळी मागे काय पडलं होतं, ते कुणाला ठाऊक नाही. आता कळणारही नाही.

आणि मी रोज रात्री निवांत घोरत होतो!

वाटतंय, आत्ता जाऊन सगळा रस्ता बघून यावा. टेम्पोची किल्ली समोर खिळ्याला आहे. अजून तरी तिथेच आहे.