दहा मिनिटं न हलता

३ मार्च, सकाळी ७
वर्कशॉपमध्ये नोटीस लागली. विमानाच्या दिशायंत्रांचा वर्ग सुरू होतोय, शिकवायला एक माणूस हवा. पंधरा तारखेला डेमो. उमेदवार दोन : मी आणि शेजारच्या बेंचवरचा मौनीबाबा. म्हणजे एकच. फडकं मारत इथे लागलो, आज दिशायंत्राच्या बंद डब्याच्या आवाजावरून बिघाड सांगतो.

४ मार्च
भाषण तयार. पोरांनो, हा डबा बाहेर बघत नाही. निघालो कुठून ते सांगा. पुढे प्रत्येक धक्का, प्रत्येक वळण मोजून तो सांगतो कुठे पोचलो. उपग्रहाबद्दल शेवटी एक वाक्य. परावलंबी गोष्टींचं फार कौतुक नको.
हिला वाचून दाखवलं. म्हणाली, मग उपग्रह ठेवलाय कशाला? म्हटलं, डब्याची चूक तासाला मैलभर वाढत जाते, ती सुधारायला. म्हणाली, म्हणजे बायकोच की.

६ मार्च
किरकोळ अडचण. सुरुवातीला डबा दहा मिनिटं हलता कामा नये. पृथ्वीचं फिरणं तेवढं त्याला जाणवू द्यायचं, त्यावरून तो उत्तर दिशा शोधतो. बेंचला धक्का लागला की पहिल्यापासून. माझा पाय सारखा हलतो म्हणे. मला कधी दिसला नाही.
निश्चय : रोज दहा मिनिटं स्थिर बसणे.

७ मार्च
बसलो. अंदाजे दहा. हिच्या घड्याळात तीन. स्वस्तातलं घड्याळ.

९ मार्च
आज नक्की बारा. ही म्हणते अडीच, त्यातही एकदा उठून खिडकी लावलीत, एकदा उघडलीत. खिडकीचा वेळ धरायचा नसतो. आई म्हणायची, याच्या पायाला भिंगरी आहे. होती म्हणून तर इथवर आलो.

१२ मार्च
सराव बंद. फार सरावाने बोलण्यातली मजा जाते. मौनीबाबा जेवणाच्या सुट्टीत भिंतीकडे बघत बसला होता. कीव आली.

१५ मार्च, दुपारी
डेमो झाला. भाषण फर्मास, तीनदा झालं. चौथ्या मिनिटाला 'हलला'चा लाल दिवा. पुन्हा सुरुवात. पुन्हा लाल. फरशी सैल असणार. तिसऱ्यांदा साहेब वाकून बेंचखाली बघत होते.
मग मौनीबाबा. डबा सुरू केला, हात मांडीवर ठेवले, म्हणाला, आता थांबायचं. दहा मिनिटं खोलीत कुणी खोकलंही नाही. हिरवा दिवा.
माझे कान तिखट. भिंतीपलीकडून साहेब म्हणाले, ज्ञान ह्याला जास्त आहे हो, पण बेंच जागेवर राहायला हवा. ज्ञान जास्त, हे महत्त्वाचं.

१७ मार्च
निकाल लागला. शिकवणार मौनीबाबा. बेंचभोवती पिवळी रेघ मारलीय. साहेबांनी बोलावून सांगितलं, वर्ग चालू असताना रेघेच्या आत कोणी यायचं नाही. कोणी म्हणजे तुम्ही.
घरी येऊन खुर्चीत बसलो. हिने विचारलं, चहा टाकू का? म्हटलं, थांब, आत्ताच तर टेकलोय, दोन मिनिटं झाली असतील.
तिने घड्याळ बघितलं. हळूच म्हणाली, चाळीस.