सूयुन-अकेचा कान

प्रिय बुरुलाय,

हे पत्र तुला टॅक्सीवाला बोलोत देईल. सोबत आईने वाळवलेले जर्दाळू पाठवलेत. ते त्याने वाटेत संपवले असतील तर भांडू नकोस, कागद तरी तो खात नाही. इकडे सगळं ठीक. तुझी आई दिवसभर माझ्यावर ओरडते, पण ते तू घरात होतीस तेव्हाही चालायचंच.

यंदा तोकमोकच्या मोटरसायकलच्या शर्यतीला मी तुझ्याबरोबर खाली उतरलो नाही, पाठीचं कारण सांगितलं. पाठ ठणठणीत आहे. दरवर्षी आपण घाट उतरून गाडी मैदानावर नेतो, मी सायलेन्सरवर हात ठेवून कान लावतो आणि मला थोरला मानून ‘अके’ म्हणणारे सगळे एकमेकांना दटावतात, “गप्प बसा रे, सूयुन-अके ऐकतायत.” खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडायचं. तो तोकमोकचा मेकॅनिक याकूब प्लग काढून त्याचा रंग चहासारखा झालाय का ते बघत बसतो, म्हणून मी त्याला चारचौघांत म्हणायचो, “अरे, गाडी सुरात लावतोयस की मुलगी बघतोयस?” यंदा कान दगा देतोय अशी शंका होती, म्हणून त्या सगळ्यांसमोर तो लावायची मला भीती वाटली.

तू शर्यतीसाठी पुढे गेल्यावर मी शेजारच्या झोलदोशची गाडी सुरात लावून दिली. तो म्हणाला, “अके, जरा बारीक वाजतेय का?” मी म्हटलं, “कान तुला आहेत की मला?” पोरगा गाडीवर बसला. तळ्याकाठच्या सरळ रस्त्यावर त्याने गाडी पूर्ण सोडली आणि पिस्टन जागच्या जागी जाम झाला. मागचं चाक अडकलं, पोरगा उडाला, गळपट्टीचं हाड मोडलं. मी इंजिन उघडलं तर प्लग खडूसारखा पांढरा आणि पिस्टनवर उभे ओरखडे. पेट्रोल कमी पडत होतं, आणि आपल्या या इंजिनांत तेल पेट्रोलातच मिसळलेलं, म्हणून पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, हे तुला मी तू सहावीत असताना शिकवलंय. तरी जमलेल्या लोकांना मी सांगितलं, “पेट्रोल भेसळीचं होतं.” माझं बोलणं कोण खोडणार?

दुसऱ्या दिवशी त्याची आई सबीरा कणकेचे गरम बोरसोक तळून घेऊन आली. म्हणाली, “अके, आमच्या पोराने कुठलं तरी पेट्रोल भरलं आणि उगाच तुमचं नाव खराब झालं. मनावर घेऊ नका.” मी मान हलवली. एक बोरसोक खाल्लासुद्धा. आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. तरी अजून तिला खरं सांगितलेलं नाही.

ती गेल्यावर तुझी आई अंगणातून धावत आत आली. किटलीची शिट्टी वाजून वाजून पाणी आटलं होतं, बूड जळत होतं, आणि मी शेगडीला खेटून बसलो होतो. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. तेव्हा पुरतं उमगलं. माझ्या कानातून बारीक आवाज गेलेत, जाडे तेवढे उरलेत. इंजिन उपाशी असताना जो किणकिणता आवाज करतं, तोच मला येत नाही. उरते ती गुरगुर. मला वाटतं पेट्रोल जास्त होतंय, म्हणून मी पेट्रोल सोडणारं जेट आणखी बारीक भोकाचं बसवतो. बरी असलेली गाडी माझ्या हातून उपाशी मरते.

आता तुझ्या गाडीचं सांगतो. खाली तोकमोकची हवा दाट, म्हणून मी तिला मोठ्या भोकाचं जेट बसवलं होतं. इथे वर काराकोलात ते थोडं गुरगुरणारच, हे मला ठाऊक होतं, पण मला ते फारच वाटलं. मी काढून बारीक बसवलं आणि ट्रकवर चढवताना तुला म्हणालो, “ऐकून घेतलंय, हात लावू नकोस.” हात लाव, पोरी. गाडी सुरूसुद्धा करू नकोस. ढकलत याकूबकडे ने आणि सांग, सूयुन-अकेंनी पाठवलंय, त्यांना आता ऐकू येत नाही. तो हसेल, माझेच शब्द मला परत करेल. करू दे. तो प्लग पाहून म्हणेल ते जेट बसव.

तू म्हणशील, एवढं होतं तर फोन का नाही केला? कारण तुझा आवाजही त्या बारीक आवाजांतलाच आहे. हिवाळ्यापासून फोनवरचं बोलणं मला नीट कळत नाही, आणि तुझं तर मुळीच नाही. तू थांबलीस की मी “हो, छान” म्हणतो, पुन्हा थांबलीस की पुन्हा म्हणतो. सोमवारी तू बराच वेळ काहीतरी विचारत होतीस. त्यात “गाडी” एवढंच मला ऐकू आलं. मग तू गप्प झालीस, वाट बघत राहिलीस, आणि मी म्हणालो, “हो, हो, चालव बिनधास्त.” बुरुलाय, मी कशाला हो म्हणालो ते मला माहीत नाही. त्या शब्दावर गाडीवर बसू नकोस.

तुझाच,
बाबा